वरचे घर रिकामे असल्याचे मान्य करण्याबाबत

प्रति,
निवासस्थान अधिकारी,
संशोधन संस्था कर्मचारी वसाहत.

विषय : माझ्या डोक्यावरचे घर रिकामे आहे, हे आपल्या कार्यालयाचे म्हणणे मान्य करण्याबाबत व सोमवारी कुलूप तोडण्याचे काम थांबवण्याबाबत.

संदर्भ : माझेच यापूर्वीचे अर्ज.

महोदय,

१. वरच्या घरात कोणीतरी राहते, अशी तक्रार मी वारंवार केली होती. आपण पर्यवेक्षक पाठवलेत. त्यांनी दाराचे कुलूप ओढून पाहिले, माझ्या स्वयंपाकघरात उभे राहून छताकडे कान लावला आणि "बाई, दिसत नाही ते नसतं," असे सांगून चहा घेऊन गेले. हे वाक्य माझ्या जिव्हारी लागले, कारण न दिसणाऱ्या गोष्टी शोधणे हीच माझी नोकरी आहे.

२. खुलासा असा की, नवे कण इतके जड असू शकतात की आमच्या यंत्रात ते तयारच होत नाहीत. पण ते असले, तर ओळखीच्या कणांच्या वागण्यात बारीकसा फरक पडतो. आम्ही तो फरक मोजतो आणि वर, म्हणजे यंत्र पोचत नाही तितक्या ऊर्जेला, काय असावे याचा अंदाज बांधतो. या रीतीला प्रभावी क्षेत्र सिद्धांत म्हणतात. तीच मी घरात वापरली. सकाळी नळाची धार बारीक होणे, भिंतीत पाइप गुरगुरणे, पंख्याचा दांडा थरथरणे, यांना एकेकटे घेतले तर कशालाही काहीही कारण देता येते. सासूबाईंनी भूत हे कारण दिले. पण सगळे फरक एकत्र मांडले तेव्हा भूत बसेना, कारण भुताला आंघोळीला पाणी लागत नाही. माणूस बसला. मात्र तो माणूस जड असून हळू चालतो की हलका असून पाय आपटतो, हे या रीतीने कळत नाही. ते कळायला वर जावे लागते, आणि वर जायला आपली परवानगी लागते.

३. माझ्या चिकाटीला कंटाळून आपण सोमवारी कुलूप तोडण्याचा आदेश काढलात, त्याबद्दल आभारी आहे. परंतु काल मी गॅलरीत उभी राहून फोनवर एका सहकाऱ्याला माझे गणित समजावत होते. वरची खिडकी उघडली आणि आवाज आला, "उणे. तिथं उणे येतं." आवाज ओळखीचा होता. याच आवाजाने माझा प्रबंध अनेकदा परत पाठवला होता. गणितही खरोखरच चुकले होते.

४. वरचे रहिवासी म्हणजे माझे निवृत्त मार्गदर्शक. ते घर पूर्वी त्यांचेच होते. गेल्या वर्षी मुलाने त्यांना आपल्याकडे नेले, पण मागच्या जिन्याची किल्ली त्यांच्याकडेच राहिली आणि तिनेच ते परत आले. मी त्यांना खाली बोलावले. ते आले, पंख्याकडे पाहून म्हणाले, "हा मी नाही. याचा बोल्ट सैल आहे." त्यामुळे माझा एक पुरावा बाद झाला, हे प्रामाणिकपणे नोंदवते. मुलाकडे काही त्रास होता का, असे सासूबाईंनी विचारले. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "नाही हो. सून फार चांगली आहे. पण मी काहीही बोललो तरी सगळे हो म्हणतात."

"छे, असं कुठं असतं का," सासूबाई म्हणाल्या. सर आल्यापासून पहिल्यांदाच हसले.

५. तरी विनंती की, माझ्या घराची मागची खोली मोकळी आहे, तिथे कुटुंबातील व्यक्ती म्हणून सरांची नोंद व्हावी. आपल्या यादीत 'मार्गदर्शक' असे नाते नाही. सासूबाई म्हणतात, 'वडीलधारे' लिही. सरांनी अद्याप होकार दिलेला नाही. पण त्या खोलीत दोष काढायला सुरुवात केली आहे, हे मी अनुकूल लक्षण मानते.

६. त्यांचे सामान खाली येईपर्यंत कुलूप तोडू नये; ते आले की वरचे घर रिकामे आहे, हे आपले म्हणणे मला मान्य असेल. माणूस पाठवायचाच असेल, तर मागच्या जिन्याने पाठवावा आणि आधी दार वाजवायला सांगावे. सरांना कमी ऐकू येते. दार उघडले नाही, तर बाहेर उभे राहून भौतिकशास्त्राविषयी काहीतरी चुकीचे बोलावे. ते लगेच उघडतील.

आपल्या होकाराची
व पंख्यासाठी मिस्त्रीची वाट पाहणारी,
(सही)
खालच्या घरातील अर्जदार
शुक्रवार

सोबत : सासूबाईंची संमती (तोंडी).