पोपटवालीचा अंक

७ जून
सापडला! माझ्या मासिकांच्या संग्रहात हुकलेला नोव्हेंबरचा अंक दातांच्या डॉक्टरकडे आहे. मेल्याने इतकी वर्षं ताकास तूर लागू दिली नाही! तो आला की माझं ते वर्ष पूर्ण — बाराच्या बारा रंगीत मुखपृष्ठं. बदल्यात त्याला माझी 'पोपटवाली' हवी.

पोपटवाली म्हणजे माझ्या संग्रहातला एक जुना अंक. खिडकीत बाई, बोटावर पोपट. लग्न ठरलं होतं तेव्हा नवाकोरा घेतला आणि तसाच प्लास्टिकमध्ये घातला. उघडला नाही. उघडला की पाठीवर रेघ पडते, पिना सैल होतात. वाचायला काय, वर्तमानपत्र आहेच.

९ जून
जेवताना हिला सांगितलं. हिचा घास हातातच राहिला. "पोपटवाली देताय? तीच?"

"त्यात काय एवढं? जुना अंक तो."

ताट उचलून आत गेली. एरवी रद्दी आवरा म्हणून डोकं खाते. आता एक अंक जातोय तर हे!

१० जून
अदलाबदल झाली. वर्ष पूर्ण! ही बघायलासुद्धा आली नाही.

१२ जून
डॉक्टरचा फोन. हा बाबा अंक उघडतो! लोकांची तोंडं उघडायची सवय, दुसरं काय. म्हणाला, "वहिनींची गोष्ट वाचली. झकास! माहेरच्या नावाने आहे, पण फोटोवरून लगेच ओळखलं. कधी बोलला नाहीत ते?"

काय बोलणार, कपाळ! "हो, लिहायची पूर्वी," असं काहीतरी पुटपुटलो. फोन ठेवला आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकोची गोष्ट घरात, आणि मी तिच्याशेजारी डांबराच्या गोळ्या ठेवत बसलो.

१३ जून
अंक परत मागायला गेलो. डॉक्टरने माझी नड बरोबर ओळखली. "ते पूर्ण वर्ष द्या, पोपटवाली न्या." भूल न देता उपटलं!

दिलं. रडू येत होतं, पण दिलं.

१४ जून
बागेतल्या बाकावर बसून वाचली. पाठीवर रेघ पडली, पडू दे.

गोष्टीतल्या मुलीचं लग्न ठरलंय. नवरा मुलगा भेटायला येतो आणि अख्खा वेळ मासिकांच्या मुखपृष्ठांबद्दल बोलतो. ती लग्न मोडते. मी! चष्म्यासकट मीच! आणि मेलं लिहिलंय फार चांगलं.

१५ जून
राहवेना. पोपटवाली हिच्यासमोर ठेवली आणि विचारलं, "मग माझ्याशी लग्न का केलंस?"

अंकावरून हात फिरवत म्हणाली, "छापून आली तेव्हा घाबरले होते हो. आणि तुम्ही आमच्या घरी येऊन म्हणालात, अंक घेतला, फार आवडला! वाटलं, हे वाचूनही जो हसत येतो त्याच्याशी संसार करावा."

मग पाठीवरच्या नव्या रेघेवर तिचं बोट अडलं. 

"पण हे तुम्ही आज का विचारताय?"