तीनदा दिसलेला दूधराज

बाबा, रविवारी सकाळी मी लेकीला घेऊन तुमच्या नाल्यावर जाऊन आले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच. म्हणजे अकरा वर्षं इथंच जबलपुरात राहून, विमानतळाच्या रस्त्यानं कितीतरी वेळा ये-जा करून, मी जंगलाच्या त्या फाटकाशी एकदाही गाडी थांबवली नव्हती. कारण विचारलं असतं तर बँकेतलं काम, लेकीची शाळा, मे महिन्यातलं ऊन अशी पाच-सहा कारणं माझ्याकडे तयार होती, आणि तुम्ही त्यातलं एकही मानलं नसतं. खरं कारण एकच आहे. दहा वर्षांची असताना त्या नाल्यावर मी तुमच्याशी एक खोटं बोलले होते, आणि तुम्ही होता तोवर ते परत घेतलं नाही. आज ते सांगायला बसले आहे. उशीर झाला आहे हे मला कळतं, त्यावरून आता रागावू नका.

आपले ते रविवार आठवतात तुम्हाला? आई पहाटे पोळ्या लाटते आहे, ओट्यावर कैरीचा तक्कू कालवून ठेवला आहे, आणि तुम्ही अंगणातल्या नळावर पाण्याची ती कापडी छागल भरता आहात. छागल आदल्या रात्रीच भिजवलेली असायची, तरी ती गळतच असायची आणि स्कूटरवरून जाताना माझा उजवा पाय ओला करायची. भाऊ पुढे हॅंडल धरून उभा, मी मागे तुमच्या पाठीला चिकटून. आई कधीच आली नाही. "मला एका रविवारी तरी रिकामं घर मिळू द्या," म्हणायची आणि आम्ही कोपऱ्यावर वळायच्या आधीच दार लावून घ्यायची. फॅक्टरी कॉलनीतले बाकीचे बाप रविवारी पोरांना सिनेमाला न्यायचे, नाहीतर भेडाघाटला नावेत बसवायचे. आमच्या नशिबी जंगलातली पायवाट, तीही तुमच्या नियमानं. सगळ्यात लहान असेल तो सगळ्यात पुढे चालणार, त्याच्या पुढे कुणीही जायचं नाही, आणि तो थांबला की सगळ्यांनी थांबायचं. आता चार वर्षांचं पोरगं कशाकशाला थांबतं हे काय सांगायचं. मोहाच्या सुकलेल्या फुलाला थांबतं, शेणाची गोळी लोटत नेणाऱ्या किड्याला थांबतं, स्वतःच्या सावलीलासुद्धा थांबतं. फाटकापासून नाला किती, तर मोठ्या माणसाच्या पायानं वीस मिनिटं. आपल्याला दीड तास लागायचा. मी मागे पाय आपटत उभी, आणि माझ्याही मागे तुम्ही. दर थांब्याला तुम्ही खाली वाकून आम्हाला विचारायचे, "काही ऐकू येते का?" मला तो तुमचा एक खेळ वाटायचा, आणि दहा वर्षांच्या मुलीला बापाचे खेळ फार बालिश वाटतात.

या सगळ्याच्या मुळाशी होता तो दूधराज. माझ्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात राज्याचा पक्षी म्हणून त्याचं चित्र होतं. अंग दुधासारखं पांढरं, डोकं काळं, त्यावर तुरा, आणि शेपटीची दोन पिसं हातभर लांब, फितीसारखी. तुम्ही मला उत्तरं पाठ करून घेत होता आणि त्या पानावर अडकलात. "अमरावती सोडून इथं येऊन बारा वर्षं झाली," तुम्ही आईला म्हणालात, "ज्या राज्याचं मीठ खाऊन राहिलो त्याचा पक्षी नाही पाहिला आपण." आई म्हणाली, "कबुतर पाहा, अंगणात बसलं आहे." पण तुमच्या डोक्यात ते बसलंच. फाटकावरच्या म्हाताऱ्या चौकीदारानं सांगितलं की उन्हाळ्यात तो नाल्यावर सावलीला येतो, आणि त्या दिवसापासून आपले सगळे उन्हाळे त्या नाल्याचे झाले. तुम्ही तो स्वतः कधी पाहिलेला नव्हता. तुम्हाला तो आमच्यासोबतच पाहायचा होता.

त्या दिवशी तुमच्या सेक्शनमधले एक काका आपल्या दोन मुलींना घेऊन आले होते. दोघी माझ्याच शाळेतल्या, दोघींना माझ्यापेक्षा चांगल्या चपला. वाटेत वाळूमध्ये नरसाळ्यासारखे खळगे करून बसणारा तो किडा भावाला सापडला आणि पोरगं तिथंच पालथं पडलं. एकेक मुंगी खळग्यात घसरायची, खालून वाळू उडायची, आणि हा टाळ्या वाजवायचा. आठवा खळगा झाला, नववा झाला, आणि मी पळाले. त्याला ओलांडून, नियम मोडून, सरळ नाल्यापर्यंत. तुम्ही मागून आलात ते तापूनच. "काहून धावून राहिली? गाडी सुटून राहिली का तुही?" आणि मग त्या दोघींच्या देखत, "बस इथं. मी म्हणतो तोपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही." त्या दोघी तोंडावर हात ठेवून हसल्या. तुम्ही मला अर्जुनाच्या झाडाच्या मुळीवर बसवलं आणि त्या दोघींना घेऊन, काकांजवळ राहिलेल्या भावाला आणायला मागे वळलात. तुम्ही मला जंगलात एकटं सोडलं नव्हतं, वळणापलीकडे तुमचा आवाज येत होता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण अपमान झाला होता. मी ठरवून टाकलं की आता हलणारच नाही, दगड होऊन बसते, मग कळेल यांना.

आणि मी दगड झाले म्हणून तो आला, बाबा.

आधी नुसता कुरकुरणारा आवाज आला, वर फांदीत. मग पांढरं काहीतरी सावलीतून खाली सुटलं, डबक्यावर बुडी मारली आणि वर गेलं. अंग वर गेलं तरी शेपटीच्या फिती अजून पाण्याजवळच होत्या, त्या मागून सावकाश निघाल्या, जशा काही त्यांना तिथंच राहायचं होतं. चित्रात तो मला बुलबुलाएवढा साधा वाटला होता. इथं नाल्यातली सगळी सावली त्याच्यामुळे उजळल्यासारखी झाली. तो पुन्हा आला, पुन्हा बुडी. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा तो माझ्यासमोर चार हातांवर बसला, पंख झटकले, आणि त्याच्या अंगावरचे दोन-तीन थेंब माझ्या पायावर पडले. नर्मदामाईची शपथ, पडले. आजवर मी पुष्कळ काही पाहिलं असेल, पण तेवढं थक्क मला कशानंही केलं नाही. रडून लाल झालेले डोळे घेऊन मी तिथं बसले होते आणि जग इतकं सुंदर आहे हे मला एकटीलाच कळलं होतं.

तो उडाला आणि तुम्ही आलात, भावाला खांद्यावर घेऊन. माझ्याजवळ बसलात. राग उतरला होता तुमचा, मला समजत होतं. हळूच विचारलंत, "काही दिसलं का वं?"

मी म्हटलं, "काही नाही."

डबक्यातलं पाणी तेव्हाही हलत होतं. तुम्ही त्याच्याकडे पाहिलंत, जरा वेळ पाहतच राहिलात, आणि म्हणालात, "बेडूक असन." मी मान हलवली. बस, एवढंच. तुम्ही मला चारचौघांत बोललात, तर मीही माझ्याकडची सगळ्यात मोठी गोष्ट तुम्हाला देणार नाही, इतका सरळ हिशेब होता तो. मला वाटलं होतं, दोन दिवस छळू आणि मग सांगून टाकू. दोन दिवसांनी सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, तेव्हाच काहून नाही सांगितलं? म्हणून आठवडा गेला. आठवड्याचं वर्ष झालं. तुम्ही दर उन्हाळ्यात नाल्यावर जात राहिलात, मी कॉलेजला गेल्यावर भावासोबत, भाऊ पुण्याला गेल्यावर एकटेच, आणि दर वेळी रिकाम्या हातानं परत.

एकदा तर तुम्ही मला संधी दिली होती. रिटायर झाल्यानंतरचं वर्ष, मी माहेरी आलेली, आई आणि मी स्वयंपाकघरात साखरांब्यासाठी कैऱ्या किसत होतो. तुम्ही चौकटीत उभे राहून म्हणालात, "तो पक्षी खरंच असते का गं, का पुस्तकातच असते?" तुमच्या आवाजात गंमत होती, पण पूर्ण गंमत नव्हती. माझ्या तोंडाशी आलं होतं. मी म्हटलं, "असेल." आणि किसत राहिले. तुम्ही बाहेर गेलात. त्यानंतर तुम्ही फार दिवस राहिला नाहीत.

तेरावा झाल्यावर आईनं मला तुमची छागल दिली. देता देता सहज म्हणाली, "त्यांना पाखरांचा आवाज येत नसे. फॅक्टरीत दिवसभर ते लोखंड ठोकणं, कान तेव्हाच गेले होते. म्हणून तुम्हा पोरांना पुढे घालत. लहान पोर थबकलं की समजायचे, काहीतरी आहे." मी छागल हातात धरून उभी होते. बाबा, आमचं बोलणं कळायचं, पण पाखरांचं तुम्हाला ऐकूच येत नव्हतं. ज्या जंगलाचे तुम्ही इतके वेडे होता, ते तुमच्यासाठी मुकं होतं, आणि तुम्ही आमच्या कानांच्या मागे मागे चालत होता. तुम्ही मला "काही ऐकू येते का" विचारायचे तो खेळ नव्हता. त्या दिवशी तो पक्षी तुमच्या डोक्यावरच्या फांदीत पुन्हा कुरकुरला होता. मी ऐकलं होतं. म्हणून मी अकरा वर्षं त्या फाटकाशी थांबले नाही.

रविवारी थांबले ते लेकीमुळे. पाच वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदीच. मी मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देते, आणि आमचं अगदी सुरळीत चालतं. तिच्या शाळेच्या पुस्तकात तो दूधराज आला आणि तिनं विचारलं, "मम्मी, ये रहता कहाँ है?" मग तिला घेऊनच निघाले. फाटकावर आता कुंपण आहे, तिकीट आहे, भाड्याच्या सायकली आहेत. तिथला चौकीदार भैया म्हणाला, "दीदी, बच्ची के साथ नाले तक ही जाइएगा, उसके आगे नहीं." तुमचा नियम मी तिला सांगितला आणि ती लगेच ऐटीत पुढे झाली. दहाव्या मिनिटाला मला घाई सुटली. ऊन चढत होतं, घरी कणीक भिजवून ठेवलेली होती, आणि ही बया वाळूतल्या खळग्यांशी पालथी. तेच खळगे, बाबा! त्या किड्याच्या किती पिढ्या तिथंच बसल्या असतील. मी म्हटलं, "चल पटकन," आणि तिला ओलांडून पाऊल टाकलं. तिनं माझा पदर, म्हणजे ओढणी, धरली. "आप आगे मत जाओ. आपने बोला था ना, मैं सबसे छोटी हूँ." मी मागे झाले. तुमच्या जागेवर उभी राहिले, आणि तिथून सगळं वेगळंच दिसतं. पुढे एक लहानसं डोकं, आणि त्याच्या पलीकडे केवढं तरी जंगल.

नाल्याजवळ ती थबकली. मग चवड्यांवर चालत मागे आली, माझा हात धरला आणि कानात म्हणाली, "मम्मी, कोई पुराना दरवाज़ा खोल रहा है." तो आवाज मला तिसाहून अधिक वर्षांनी ऐकू आला. मी तिला धरून खाली बसले. ते त्याच अर्जुनाचं मूळ होतं की नाही, आता सांगता येत नाही. तिनंच आधी पाहिला. वर वाकलेल्या फांदीला वाटीएवढं घरटं, आणि त्यात तो स्वतः बसलेला. नर, बाबा, अंड्यांवर नर बसला होता! मला माहीतच नव्हतं की ते असं करतात. वाटी इतकी लहान की शेपटीच्या दोन्ही फिती बाहेर लोंबत होत्या आणि वाऱ्यानं हलत होत्या. "इसकी पूँछ तो घर के बाहर रह गई," ती म्हणाली, आणि मला हसू आलं आणि रडूही आलं. मग तपकिरी मादी आली, तो उठला, ती बसली. उठताना तो आमच्या डोक्यावरून गेला आणि त्या फिती उन्हात अशा लखलखल्या की लेकीनं माझा हात घट्ट आवळला. तिच्या हाताला घाम आला होता. आम्ही किती वेळ बसलो कोण जाणे. कणकेचं मी विसरूनच गेले.

परतताना तिनं विचारलं, "आजोबा ने भी देखा था ना?" तुमचा फोटो ती रोज पाहते, तुम्ही जंगलात नेत होता हे तिला मी सांगितलं आहे. मी चालता चालता म्हटलं, "हो."

"कितनी बार?"

"तीनदा," मी म्हटलं.

फाटकाशी चौकीदार भैयानं विचारलं, "क्यों बिटिया, कुछ दिखा?" तुमचाच प्रश्न, बाबा. पण ती मुलगी माझ्यासारखी नाही. तिनं दोन्ही हात पसरून शेपूट केवढी ते दाखवलं, घरटं दाखवलं, आवाज काढून दाखवला, आणि वर सांगितलं, "मेरे आजोबा ने तो तीन बार देखा है." तो म्हणाला, "अच्छा! बड़े किस्मत वाले थे." तिनं खात्री करायला माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली.

हे पत्र घडी करून छागलीत ठेवते आहे. ती आता कशालाही लागत नाही, कोरडीच असते. त्या एका पक्ष्यापायी मी दोनदा खोटं बोलले, बाबा. पहिलं आज परत घेतलं. दुसरं मात्र मी घेणार नाही.