भिंतीपलीकडची वाफ

५ जानेवारी
पाडलं एकदाचं आमचं धुराडं! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या — न वाजवून सांगतो कुणाला? सव्वीस वर्षं त्याच्या पायथ्याशी बॉयलर पेटवला. मॅनेजर माइकवर म्हणे, "आजपासून आपल्या कापडाला काजळीचा डाग नाही!" माझी मुलगी पहिल्या रांगेत. कारखान्याच्या पर्यावरण विभागाची साहेबीण आता ती.

९ जानेवारी
नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! विजेचा नवा बॉयलर एवढासा. रंगाचा एक हौद तापवताना त्याची दमछाक होते, आणि हौद आहेत आठ. मग जुना कुठे गेला? कारखान्याच्या भिंतीपलीकडे, पत्र्याच्या शेडमध्ये, ठेकेदाराच्या नावावर. मीही ठेकेदाराच्या नावावर! तोच बॉयलर, तोच कोळसा, तोच मी. वाफ भिंतीवरून पाइपानं परत कारखान्यात. धूर मात्र कारखान्याच्या हिशेबात नाही.

मॅनेजर खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मामा, घरी काही बोलायचं नाही हं."

१० जानेवारी
मुलीला सांगितलं, शेड साबणवाल्यांची आहे. "बरं," म्हणाली आणि जेवत राहिली. भाबडी पोर!

२ फेब्रुवारी
शेडचं धुराडं बुटकं. धूर वर जातच नाही, मागच्या घरांत शिरतो. आज तिथली एक बाई वाळत घातलेलं झबलं घेऊन आली. काळंकुट्ट. "काका, तुम्हाला पोरंबाळं आहेत की नाही?"

आहे. एकच आहे. शरमेनं मान वर झाली नाही.

१८ फेब्रुवारी
कंपनीला बक्षीस. ऑफिसात मुलीचा फोटो लावलाय, हातात रोपटं. धूर म्हणे ऐंशी टक्के कमी! कमी कसला — माझ्या छातीत भरलाय, विचारा डॉक्टरला.

तिचा राग नाही. राग त्या हरामखोरांचा! खोटे आकडे देतात आणि खाली सही तिची घेतात. उद्या बिंग फुटलं की हे नामानिराळे, आणि बळीचा बकरा माझी पोर.

२७ फेब्रुवारी
सोमवारी बाहेरचे तपासनीस येणार. बायकोला सगळं सांगितलं. म्हणाली, "तोंडात मिठाची गुळणी धरा. दोन वर्षं राहिलीत तुमच्या नोकरीची." दोन वर्षं माझी राहिलीत. मुलीचं अख्खं आयुष्य आहे! आपणहून सांगितलं तर ती सुटेल. त्यांना सापडलं तर अडकेल.

३ मार्च
सांगून टाकलं.

तपासनीस बाईंना फाटकाशीच गाठलं. पाइप दाखवला, शेडमध्ये नेलं, भट्टीचं दार उघडलं. भसकन झळ आली तशा मागे सरल्या. मी म्हटलं, "पर्यावरण विभागाला यातलं काहीही माहीत नाही. तेवढं लिहाच!" त्यांनी लिहिलं नाही. माझ्याकडे नुसतं पाहिलं.

घरी येताना कित्येक दिवसांनी शीळ घातली.

४ मार्च
मुलीला कामावरून काढलं. आल्यापासून खुर्चीत बसून आहे. मी म्हटलं, "घाबरू नकोस, तुला माहीत नव्हतं हे मी सांगितलंय त्यांना."

"बाबा, मोठा विजेचा बॉयलर येणार होता. त्यावर तुम्हाला काम उरलं नसतं, नोकरी गेली असती. छोटा मीच सुचवला. भिंतीपलीकडची शेडही मीच."