वसुंधराच्या रक्ताचा आकडा

३ फेब्रुवारी २०२५
इको झाला. वसुंधराच्या हृदयाची मायट्रल झडप जाड झाली आहे. कडेला गाठी — मोठी ७ मिलिमीटर. रक्तात गुठळ्या होण्याचा आजार सहा वर्षांपासूनचा, आता झडपेपर्यंत पोचला. गाठीचा तुकडा सुटला तर थेट मेंदूत, म्हणाले डॉक्टर. रक्त किती पातळ त्याचा आकडा, आयएनआर, दोन ते तीनमध्येच हवा.

९ फेब्रुवारी
बोट टोचून आयएनआर सांगणारं मशीन आणलं. लॅबवाला भूषण म्हणतो, "भिया, इस बीमारी में ये मशीन ज्यादा बताती है. नस का खून ही मानना." सत्तावीस वर्षं मी कृष्णपुऱ्यात सराफांचे वजनकाटे दुरुस्त करतोय, कॉलेजची पायरी न चढता. यंत्र पारखायला हा मला शिकवणार!

१६ फेब्रुवारी
मशीन: ३.९. पुन्हा: ३.९. दुसऱ्या बोटावर: ३.८. तीनदा एकच वजन दाखवणारा काटा मी पास करतो.
वसुंधरा म्हणाली, "अहो, डॉक्टरांना एक फोन तर लावा."
रविवारी कशाला? रक्त पातळ करायची गोळी ५ ची होती, ३ ची केली.

२३ फेब्रुवारी
२.७. बरोबर बसलं.

२७ फेब्रुवारी
सकाळी सात वीस. तिच्या उजव्या हातातून पोह्यांची बशी सुटली. मला हाक मारायला गेली, नुसता "अ" आला.
दवाखान्यात नसेतून रक्त घेतलं. आयएनआर १.४. मेंदूत डाव्या बाजूला गुठळी.
शून्य सरकलेला काटासुद्धा तीनदा एकच वजन दाखवतो — हे गिऱ्हाइकांना मीच सांगतो. खात्रीचं वजन ठेवून बघावं लागतं. नसेतलं रक्त म्हणजे ते वजन. भूषण तेच सांगत होता. एखाद्या सराफाच्या काट्यात मी ही चूक केली नसती.

२ मार्च
थोडं बोलते. शब्द अडकत येतात. उजवी मूठ वळत नाही.
आकडा एवढा खाली कसा आला, डॉक्टर उद्या विचारणार. सांगणार आहे. हिंदीत वाक्यही जुळवून ठेवलंय.

३ मार्च
डॉक्टरांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत वसुंधरा म्हणाली, "गोली... मैं... भूल जाती थी."
ते तिला रागावले. मी तिची बाटली घेऊन पाणी भरायला गेलो.