आधी अंदाज, मग माप

प्रिय पार्टनर,

'प्रिय' लिहायचा हक्क मला उरलाय की नाही, ते शेवटपर्यंत वाचून तूच ठरव. मधेच फाडू नकोस. फाडायचं काम नेहमी माझं असायचं आणि चिकटवायचं तुझं.

मी हल्ली चष्म्याच्या काचा घासतो. दोन खोल्यांचा कारखाना, कपड्यांवर कायम पांढरी भुकटी. मालक साठीचे आणि तोंडाने असे फटकळ की माझासुद्धा राग त्यांच्यापुढे गार पडतो. पहिल्या दिवशी त्यांनी एक भिंग हातात दिलं, म्हणाले, यातून खिडकीची चौकट बघ, भिंग हळूच हलव आणि नंबर सांग. मी नंबर मोजायच्या मशीनकडे वळलो तर खेकसले, मशीनला डोळे आहेत, तुला नाहीत का? आधी तू बोल, मग ती बोलेल. मी साफ चुकलो. ते हसले आणि दुसरं भिंग पुढे केलं. महिन्याभरात हाताला कळायला लागलं. चौकट भिंगाबरोबर सरकली तर अंतर्गोल, उलटी पळाली तर बहिर्गोल. या दोन शब्दांच्या व्याख्या मी परीक्षेत घोकून लिहिल्या होत्या गं, पण ती चौकट पळताना मी आयुष्यात पहिल्यांदा इथे पाहिली. आणि त्या क्षणी तू आठवलीस. खोटं कशाला बोलू, तू त्याआधीही आठवतच होतीस.

आपलं सात नंबरचं टेबल आठवतं? लंबकाच्या प्रॅक्टिकलला अख्खा वर्ग पुस्तकातलं उत्तर बघून रीडिंग उलटी बनवत होता. तू स्टॉपवॉच खाली ठेवलंस आणि म्हणालीस, हा प्रयोग नाही रे, हा स्वयंपाक चाललाय. दुसऱ्या वर्षी आपण दोघं विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये गेलो. बोललीस तू, मी मागे मुठी आवळून उभा. पहिल्या वर्षाच्या पोरांना तिघातिघांत बसवायचं, मोजायच्या आधी प्रत्येकाने आपला अंदाज पेनाने लिहायचा, खोडायचा नाही. मग मोजायचं. अंदाज चुकला तर का चुकला यावर तिघांनी भांडायचं, आणि मार्क त्या भांडणाला. सर म्हणाले, एक तुकडी देतो, एक सत्र देतो. सुरुवातीला आणि शेवटी तीच चाचणी घ्या. फरक दिसला तर सगळ्या तुकड्यांना, नाहीतर विषय बंद.

ते सत्र माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं होतं. पोरं अशी भांडायची की शिपाईमामा दोनदा धावत आले. पण मग तू मदतीला त्या 'दशांश'ला घेतलंस. चहा किती हवा विचारलं तरी तीन दशांश स्थळांपर्यंत सांगणारा तो प्राणी! त्याचं काम चोख होतं, हे आज कबूल करतो. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की तो माझ्या स्टुलावर बसलाय आणि तू हसतेयस. तू मला 'फ्यूज' म्हणायचीस. त्या आठवड्यात मी रोज उडत होतो आणि तुला बदलायला वेळ नव्हता.

मग शेवटच्या चाचणीच्या पेपरांचा गठ्ठा गहाळ झाला. तू तीन दिवस कपाटं उपसलीस, केसांत धूळ, नखं काळी. मीही तुझ्याबरोबर शोधत होतो. सर सगळ्यांसमोर तुला म्हणाले, ज्यांना साठ पेपर सांभाळता येत नाहीत त्यांनी शिकवण्याच्या गोष्टी करू नयेत. तेव्हा मी सरांशी भांडलो, टेबल उलटवलं आणि कॉलेज सोडलं. सगळ्यांना वाटलं, तुझ्यासाठी सोडलं. तुलाही तसंच वाटलं असेल. वाटू दिलं मी.

यंदा माझी धाकटी बहीण आपल्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. परवा ती जर्नल लिहीत बसली होती. समोर माझं जुनं जर्नल. म्हणाली, दादा, तुझीच रीडिंग घेते, शेवटचा आकडा तेवढा बदलते. मी विचारलं, लंबक हातात तरी घेतलास का? म्हणे, लांबून बघितला, दहा जणांत एक होता. मी विचारलं, दोरी तेवढीच ठेवून गोळा जड लावला तर झोका घ्यायला जास्त वेळ लागेल की कमी? तिने माझ्याकडे पाहिलं आणि निरागसपणे विचारलं, जर्नलमध्ये काय लिहिलंय?

पार्टनर, तोच स्वयंपाक अजून चाललाय. तिच्याकडूनच कळलं की तू आपल्या त्याच योजनेसाठी पुन्हा अर्ज केलायस, सोमवारी बैठक आहे, आणि सर म्हणतात, पुरावा नसेल तर ही शेवटची.

म्हणून हे पत्र. गठ्ठा गहाळ झालाच नव्हता. कपाटात ठेवतो म्हणून तुझ्या हातून मी घेतला आणि सॅकमध्ये टाकला. योजना मोडायची नव्हती गं. वाटलं होतं, दिवसभर शोधशील, मग सगळं सोडून माझ्याकडे येशील आणि मी हिरोसारखा काढून देईन. सरांनी तुला सुनावलं, त्यानंतर तोंड उघडायची माझी छाती झाली नाही. पत्रासोबत धाकटी तो गठ्ठा आणून देईल. आत काय आहे हे तिला आजच सांगितलंय. गाठ तुझीच आहे, वर चिकटवलेल्या कागदी पट्टीवरच्या तुझ्या आणि सरांच्या सह्या शाबूत आहेत. मी एकही पेपर पाहिलेला नाही. हे पत्र बैठकीत वाचून दाखव, 'प्रिय'पासून शेवटपर्यंत. पोरं शिकली की नाही, मला ठाऊक नाही. पण मोजायच्या आधी माझे दोन अंदाज पेनाने लिहितो, खोडणार नाही. पहिला, पोरं शिकली आहेत. दुसरा, तू मला माफ करणार नाहीस. यातला कुठलाही चुकला, तर का चुकला यावर भांडायला ये.

तुझाच, उडालेला
फ्यूज