सगळ्यांचे नंबर एकाच जागी

४ मार्च, सोमवार
आजपासून रोज लिहिणार. यशस्वी माणसं लिहितात.
दादाने अखेर शब्द दिला. बस डेपोच्या चाळीस ड्रायव्हरांच्या चष्म्यांची ऑर्डर मी लिहीन त्या कॉम्प्युटर प्रोग्रामवर घ्यायची. सुरळीत पार पडली तर दुकानातलं ऑर्डरचं टेबल कायमचं माझं. आजवर ते वहिनीकडे. ती प्रत्येकाचा नंबर चिठ्ठीवर लिहिते. आणि मी मालकाचा धाकटा भाऊ म्हणून इतकी वर्षं फ्रेम पुसतोय.
बायको म्हणाली, जरा जपून. लेक म्हणाली, बाबा, तुम्हाला नक्की जमेल. या घरात तेवढी एकच माझ्या बाजूने आहे.

५ मार्च, मंगळवार
प्रोग्रामिंगचा ऑनलाइन कोर्स. आजचा धडा क्लास. सर फार हळू बोलतात. दीडपट वेगाने ऐकलं. क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट म्हणजे त्या साच्यातून काढलेला एकेक ग्राहक. यात काय अवघड आहे?
पुढचा धडा क्लास-लेव्हल व्हेरिएबल. दुप्पट वेगाने. दुकानाचं नाव सगळ्या ग्राहकांना सारखंच, मग ते प्रत्येकावर कशाला लिहायचं? साच्यावर एकदाच लिहून ठेवायचं, सगळ्यांनी तिथून वाचायचं. केवढी सोय! सर पुढे म्हणत होते, पण जे ज्याचं त्याचं असतं ते मात्र... तेवढ्यात चहा आला. राहिलेलं ओघाने कळलंच.

८ मार्च, शुक्रवार
प्रोग्राम तयार.
ग्राहकाचं नाव ग्राहकावर. दुकानाचं नाव, पत्ता, फोन साच्यावर. मग वाटलं, चष्म्याचा नंबर तरी चाळीस ठिकाणी कशाला सांडायचा? तोही साच्यावर घेतला. सगळ्यांचे नंबर एकाच जागी. वहिनीच्या चिठ्ठ्यांनी ड्रॉवर बंद होत नाही, ते बघा.
एक क्लास-लेव्हल मेथडही लिहिली, म्हणजे साच्यालाच नेमून दिलेलं काम. तिला समोर एकही ग्राहक लागत नाही. साच्याचं नाव घेऊन हाक मारायची, एकूण ग्राहक किती ते ती सांगते. आत्ता शून्य म्हणाली. गिऱ्हाईक नसताना काम करणारं कुणीतरी या दुकानात पहिल्यांदाच आलं.
चाचणी घेतली. माझा नंबर घातला, पाहिला, बरोबर. बायकोचा घातला, पाहिला, बरोबर. दादाचा घातला, तोही बरोबर. आधीचे पुन्हा उघडून बघितले नाहीत. एकदा बरोबर आलेलं परत तपासणं म्हणजे स्वतःवरच संशय घेणं.

११ मार्च, सोमवार
डेपोत तपासणी. दादा डोळे तपासून नंबर सांगत होता, मी टाइप करत होतो. वहिनी सवयीने चिठ्ठ्या घेऊन बसली होती. तिला सांगितलं, कागदाचे दिवस गेले. ती म्हणाली, भाऊजी, असू दे ना जोडीला. मी ऐकलं नाही. जोडीला चिठ्ठ्या ठेवल्या की श्रेय चिठ्ठ्यांना जातं.
प्रत्येक नंबर घातल्यावर लगेच स्क्रीनवर पाहिला. चाळीसच्या चाळीस बरोबर. रांगेत शेवटी एक झुपकेदार मिशांचे ड्रायव्हर होते, नंबर उणे चार. ते म्हणाले, तुमचं काम फार झटपट बुवा. दादाने ऐकलं असावं.
यादी प्रिंट न करता थेट काचेच्या कारखान्यात पाठवली.

१३ मार्च, बुधवार
कारखान्यातून फोन. तो काचवाला म्हणतो, साहेब, सगळे नंबर सारखेच आलेत, एकदा बघून घ्या. उणे चार, उणे चार, खालपर्यंत उणे चार.
लगेच प्रोग्राम उघडला. सगळी यादी उघडायला लागतो वेळ, म्हणून एकच नाव काढलं. मिशावाले. उणे चार. तंतोतंत! त्याला सांगितलं, आमच्याकडे बरोबर आहे, दिवसभर रस्त्याकडे बघणारी माणसं, डोळे सारखेच बिघडणार. तो म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं.
कॉम्प्युटर आला की काही लोकांच्या पोटात दुखतंच. दादाला सांगितलं नाही. उगाच त्याच्या डोक्याला ताप.

१८ मार्च, सोमवार
चष्मे आले. दादा म्हणाला, काचेचा नंबर मोजायच्या मशीनवर लावून बघितलेस का? मी म्हणालो, मुळातच बरोबर आहे तिथे मशीन काय करणार. चष्मे थेट डेपोत पोहोचवले.
डेपो मॅनेजरने फर्मान काढलं आहे. नवा चष्मा डोळ्यावर असल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जाणार नाही.
एकाने चष्मा घालून पायरी उतरताना पाय हवेतच ठेवला. दुसरा म्हणाला, रस्ता खोल गेल्यासारखा दिसतोय. तिसरा नुसताच भिंतीला धरून उभा. मी सगळ्यांना सांगितलं, नवीन चष्म्याची सवय व्हायला चार दिवस लागतात. हे वाक्य दादाचंच आहे आणि त्याच्या तोंडून लोकांना पटतं.
मिशावाले मात्र खूश. लांबची पाटी वाचून दाखवली त्यांनी. त्यांचा फोटो काढून दादाला पाठवला.

१९ मार्च, मंगळवार. दुपारी
एक बस डेपोच्या फाटकाला घासली. जुनं फाटक, अरुंद आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी
दुसरी बस स्टॉपच्या खांबाला लागली. कुणाला इजा नाही. खांब पुढे आलेलाच आहे.
जेवताना लेक हसत सांगत होती. आज ड्रायव्हरकाकांनी तिला पुढे बोलावलं आणि विचारलं, बाळ, समोरचा सिग्नल लाल आहे की हिरवा ते जरा सांगत राहशील का. तिने कॉलेजपर्यंत सांगितलं. बायको हसली.
उद्या तिचा पेपर आहे. तिला म्हटलं, मी स्कूटरवर सोडतो. ती म्हणाली, कशाला बाबा, बस आहे ना.
सवय व्हायला चार दिवस लागतात. आज दुसराच आहे.

२० मार्च, बुधवार. सकाळी
लेक बसने गेली. प्रोग्राम उघडला. आज सगळी यादी.
चाळीस नावं. सगळ्यांपुढे उणे चार.
सहज बघायचं म्हणून पहिल्या नावाचा नंबर बदलून उणे एक केला. चाळीसही जण उणे एक झाले. परत उणे चार केला. सगळे उणे चार.
तो राहिलेला धडा लावला, साध्या वेगाने. सर म्हणत होते, पण जे ज्याचं त्याचं असतं ते मात्र ज्याच्या त्याच्या ऑब्जेक्टमध्येच ठेवा. साच्यावरची जागा एकच असते. तिथे नवीन लिहिलं की आधीचं पुसलं जातं आणि सगळे तेच वाचतात.
म्हणजे चाळीस माणसं शेवटच्या माणसाचा नंबर घालून बस चालवतायत. आणि त्यातल्या एका बसमध्ये माझी पोर बसली आहे. निघतो.

त्याच दिवशी, दुपारी
हे लिहून ठेवलंच पाहिजे. आज मी एक बस थांबवली.
लेकीची बस पुलाच्या अलीकडे गाठली. स्कूटर आडवी घातली आणि मध्ये उभा राहिलो. ब्रेकचा आवाज अजून कानात आहे. बस माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली. आत चढलो, ड्रायव्हरच्या डोळ्यावरचा चष्मा ओढून काढला. ओढाताणीत दांडी मोडली, एक काच खाली पडून फुटली. ड्रायव्हर ओरडत होते, अहो मला काही दिसत नाही. मी सगळ्या प्रवाशांना सांगितलं, घाबरू नका, आता तुम्ही सुरक्षित आहात.
गडबडीत चेहरा नीट पाहिला नव्हता. मग पाहिला. मिशावाले होते.
दुसरा ड्रायव्हर येईपर्यंत बस तिथेच उभी. लेक मागच्या दाराने उतरली आणि बॅग छातीशी धरून पळत पेपरला गेली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. घाईत असेल. मोठी झाली की तिला कळेल की बाप गाडीसमोर उभा राहिला होता.
डेपोत फोन करून बाकीच्या गाड्याही थांबवायला लावल्या. एकंदरीत परिस्थिती मी हाताळली असंच म्हणावं लागेल.

त्याच दिवशी, संध्याकाळी
डेपोतून कळलं की काल दुसरी बस खांबाला लागल्यावरच बाकीच्यांनी नवे चष्मे फाटकापुरते घालायचे ठरवलं होतं. फाटक ओलांडलं की खिशात, आणि डोळ्यावर जुना. एकटे मिशावाले नवा घालून चालवत होते, कारण त्यांना त्यातून स्वच्छ दिसत होतं.
दादाने मोडक्या चष्म्याची उरलेली काच मशीनवर लावली. उणे चार, एकदम अचूक. म्हणाला, चाळिसांत हा एकच बरोबर होता.
मी म्हणालो, म्हणजे प्रोग्राम अगदीच चुकीचा नव्हता. दादा मशीनचा दिवा बंद करून आत गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं.
लेक पेपरला अर्धा तास उशिरा पोहोचली. शेवटचे दोन प्रश्न राहिले.

२४ मार्च, रविवार
चाळीस जणांची तपासणी पुन्हा. चिठ्ठ्या नाहीत, म्हणून सगळं पहिल्यापासून. मिशावाल्यांचीसुद्धा. ऑर्डरचं टेबल वहिनीकडे. ती म्हणाली, भाऊजी, ती खुर्ची जरा लागेल.
प्रोग्राम दुरुस्त केला आहे. नंबर आता ज्याच्या त्याच्या ऑब्जेक्टमध्ये. आधी तिघांचे घातले, मग पहिल्याचा पुन्हा उघडून पाहिला. जागच्या जागी होता. दादाला दाखवायला गेलो. तो म्हणाला, असू दे आता.
लेक घरात बोलते, पण कामापुरतं. काहीतरी निमित्त काढून समजावणार आहे. माझा हेतू चांगला होता, हे तिला पटेल.

२८ मार्च, गुरुवार
लेकीला चष्मा लागला. फळ्यावरचं दिसत नव्हतं म्हणे, बरेच दिवस. मला माहीत नव्हतं.
आज लावून आली. नाजूक काळी फ्रेम आहे, तिला शोभते. आमच्याकडे ही फ्रेम नसते. बायकोने सांगितलं, आपल्या दुकानासमोरच्या दुकानातून केला. परवाच बायको तिच्याबरोबर जाऊन आली. तिनेच हट्ट धरला, बाबांकडे नको म्हणाली.
मी म्हटलं, छान आहे. काचेवर तिच्या बोटाचा ठसा उमटला होता. पुसून द्यायला हात पुढे केला. ती म्हणाली, राहू दे बाबा, मी पुसते.