गोधडीची चौथी बाजू

८ जाने. ७४
थंडी वाढली. आईच्या हातची जुनी गोधडी उसवायला काढली. आत ह्यांचे सदरे घालीन. हे जाऊन वर्ष झालं, तेव्हापासून मी माहेरी, आप्पांकडे; सदरे पेटीत नुसतेच पडलेत. शेजारच्या गंगूबाई म्हणाल्या, "एवढे धड सदरे? बोहारणीला घातले असते तर पातेलं आलं असतं की!" हसले.

९ जाने.
आईच्या लुगड्यांच्या थरात निळा लोकरीचा गळपट्टा निघाला. लहान मुलीच्या मापाचा. वीण आपल्याकडची नाही. याच गोधडीत मी लहानाची मोठी झाले.
आप्पांना दाखवला. चहा तसाच ठेवून उठले. "कुटं घावला?" एवढंच.

१० जाने.
आप्पा लढाईवरून आले तेव्हा मी सहाची. त्या वर्षी संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत इतर पोरी बापाच्या खांद्यावर, मी धोतराचा सोगा धरून. उचला की, म्हणून रडले. नाही उचललं. रेवड्या घेऊन दिल्या. शोभेचं दारूकाम सुरू व्हायच्या आत घरी. पुढेही दर वर्षी तसंच. मला वाटायचं, त्यांना मुलगा हवा होता.

१२ जाने.
वाचनालयातून नकाशांचं पुस्तक आणलं. लढाईत आप्पा इटलीत होते, एवढंच माहीत. ते पान त्यांच्यापुढे उघडून ठेवलं. बराच वेळ बोट फिरवत होते. "हितंच कुटंतरी. डोंगर व्हता. लई बरफ."
मग आपणहून. गोळे पडत होते. पडक्या घरातून एक पोर काढली, खांद्यावर टाकून डोंगर उतरले. "आदी रडत व्हती. मग गप झाली." दवाखान्याच्या तंबूत दिली. लगेच पुढे जायचा हुकूम. गळपट्टा खांद्यावरच राहिला.
"जगली का?"
"कुणाला इचारू? गावाचं नाव बी ठावं न्हाय." मग म्हणाले, "तुझ्याएवढीच व्हती, सुमे. घरी आलो, तू हात वर केलेस. भ्या वाटलं. तू बी गप झालीस तर?"
गळपट्टा त्यांना टाकवेना, म्हणून आईनं गुपचूप आत शिवला असणार. जाईपर्यंत मला कधी बोलली नाही.

१४ जाने.
संक्रांत. वाण लुटायला आता जायचं नसतं. वेळच वेळ. तीन बाजू शिवून झाल्या. ह्यांचा रेघांचा सदरा मधोमध. गळपट्टा परत आत घालू का, आप्पांना विचारलं.
"बघू."

१६ जाने.
गड्ड्यावर दारूकाम. आवाज घरापर्यंत. "आप्पा, दार लावू?"
"नको."
गळपट्टा खांद्यावर टाकून ओट्यावर बसले. मी शेजारी. पहिल्या बाराला दचकले, पण उठले नाहीत. आभाळ लाल-हिरवं होत होतं.
"ती बी आता पोराबाळांची असंल की."
"असेल, आप्पा."
गोधडीची चौथी बाजू अजून उघडीच आहे.